गार्डसाहेबांचे साडेबारा

डोंगराचा माथा दोनशे पावलांवर दिसत असताना वीस-बावीस माणसांना मागे फिरवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. दुपारचे साडेबारा वाजले की गार्डसाहेब शर्टाच्या खिशातून काळ्या दोऱ्याला बांधलेले घड्याळ काढायचे, ते कानाला लावून चालू असल्याची खात्री करायचे आणि शिट्टी फुंकायचे. मग पुढे काय आहे, किती उरले आहे, कोण किती कळवळून सांगत आहे, याला काही अर्थ उरत नसे. कोणाचा पाय उचललेला असला तर तो तिथेच खाली टेकायचा आणि परतीला लागायचे. मी त्यांच्यासोबत अकरा हिवाळे चाललो आणि त्यांतले निदान सात हिवाळे त्या शिट्टीला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

ते रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी वर्ध्यात पायी फिरणाऱ्यांचे एक मंडळ काढले. दिवाळी झाली की होळीपर्यंत रविवारी पहाटेच्या एसटीने कुठेतरी जायचे, दिवसभर रानातून चालायचे आणि संध्याकाळी घरी यायचे, एवढेच मंडळाचे काम. त्या काळी आमच्याकडे सुटीच्या दिवशी उगाच पायी फिरणारा माणूस रिकामटेकडा समजला जाई. 'शेतात जा, तेवढंच निंदन होईल,' असे शेजारी म्हणत. तरीही शिक्षक, दुकानदार, दवाखान्यातल्या बाया आणि माझ्यासारखे कचेरीतले बाबू मिळून वीस-एक डोकी जमायची.

नोकरी संपली तरी गाडी काही त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. आमची रांग म्हणजे त्यांची गाडी. गार्डाची जागा शेवटच्या डब्यात, म्हणून ते स्वतः सगळ्यांच्या मागे चालायचे. आणि सगळ्यांत हळू चालणारा माणूस सगळ्यांच्या पुढे. ते इंजिन. मंडळाचे कायमचे इंजिन म्हणजे शिवणाचा वर्ग चालवणाऱ्या वानखेडे काकू. अंगाने भरलेल्या, टाचा फुटलेल्या आणि बोरांच्या भारी शौकीन. दर झाडाखाली थांबून त्या पदरात बोरे वेचायच्या आणि त्यांच्यामागे आम्ही सगळे बैलबंडीसारखे उभे. इंजिनाच्या पुढे जायची कोणालाच परवानगी नव्हती. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, पायात जोर होता आणि काकूंच्या फुटक्या टाचांकडे पाहत चालणे माझ्या नशिबी होते.

"गार्डसाहेब, आम्ही चार जणं पुढं जाऊन थांबतो ना," मी एकदा म्हटले.

"बाबूसाहेब, डबे इंजिनाच्या पुढं जाऊन थांबत नसतेत," ते म्हणाले. "आन् पुढं गेलेला मानूस थांबत बी नसते."

नव्या माणसाला ते एसटीत बसल्याबरोबर एक प्रश्न विचारायचे. तिकीट तपासल्यासारखे समोर उभे राहून. "तुमी काऊन येऊन राह्यले?" कोणी सांगे, डॉक्टरने चालायला सांगितले आहे. कोणी सांगे, पाखरे पाहायची आहेत. एका दुकानदाराने खरे सांगून टाकले होते, की रविवारी घरी बसले की बायकोशी भांडण होते. गार्डसाहेब कोणाच्याच उत्तराला हसत नसत. "गाडीत बसनाऱ्यानं कुठं उतराचं हाय ते सांगाच लागते," एवढेच म्हणत. मला त्यांनी १९७४च्या हिवाळ्यात, पहिल्याच रविवारी विचारले.

मी म्हणालो, "असंच."

ते खोटे होते. मी मंडळात आलो होतो तो एका डोंगरासाठी. आष्टीच्या रस्त्याला एका फाट्यावर उतरून अडीच-तीन तास आत चालत गेले की भुरका नावाचा डोंगर लागतो. मंडळ वर्षातून एकदा, पौषात, तिथे जायचे. त्या डोंगराच्या पायथ्याच्या एका वाडीत माझी आई जन्मली. बकऱ्या चारायला पोरी माथ्यावर जायच्या. आई तिथे भावाच्या पाटीवर पाहून शिकलेली दोन अक्षरे एका काळ्या दगडावर गारगोटीने कोरून आली होती. स्वतःचे नाव, भागू. अकराव्या वर्षी तिचे लग्न झाले. सासरी ताटातल्या तांदळावर अंगठीने दुसरे नाव लिहिले गेले आणि भागू संपली. माहेरी पुढे कोणी उरले नाही, वाडीही उठली. आईने पुढे आयुष्यभर कुठे काही लिहिले नाही. एका रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "राजा, ते नाव असंन का रे अजून तिथं?" आणि लगेच म्हणाली, "कोनाले सांगू नको बाप्पा, हासतीन लोकं."

म्हणून मी कोणाला सांगितले नाही. शिवाय मलाही लाज वाटत होती, हे आज कबूल करायला हरकत नाही. शिकलेल्या माणसांनी भरलेल्या एसटीत उभे राहून 'माझ्या आईने बकऱ्या चारताना दगडावर नाव लिहिले आहे, ते पाहायचे आहे,' असे सांगायची माझी छाती झाली नाही. आपण गुपचूप वर जाऊ, पाहू, घरी जाऊन तिला सांगू, असा माझा साधा बेत होता. तो बेत गार्डसाहेबांच्या घड्याळात अडकला.

त्यांचा हिशेब तसा बिनचूक होता. फाट्यावर साडेआठला उतरायचे, परतीची शेवटची एसटी साडेचारला. मधले साडेबारा. जितका वेळ जायला तितकाच यायला. पण त्या जाण्याच्या चार तासांत काय काय बसवायचे याला त्यांच्याकडे धरबंद नव्हता. वाटेतल्या गावात पाटलांकडे चहा व्हायचाच. "ज्याच्या शिवारातून जातो त्याच्या घरच्या चाले नाई म्हनाचं नसते," हा त्यांचा कायदा. चहा म्हणजे चहा नव्हे. आधी पाणी, मग पोहे, मग चहा, मग पाटलांच्या थोरल्या सुनेच्या बाळाला पाहणे. त्यात पाऊण तास गेला की पुढे गुराखी भेटायचा आणि गार्डसाहेब त्याच्या म्हशीची चौकशी करायचे. मग बोरी. पहिल्या वर्षी आम्ही नाल्यापर्यंत पोचलो. दुसऱ्या वर्षी मोहाच्या झाडांपर्यंत. तिसऱ्या वर्षी काकूंची चप्पल तुटली आणि पुन्हा नाल्यावरून परत आलो.

चौथ्या वर्षीची गोष्ट तर मला अजून डाचते. औषधाच्या दुकानातल्या एका गृहस्थांनी एसटीत सांगितले होते, की त्यांना पांढऱ्या फुलांचा पळस एकदा डोळ्यांनी पाहायचा आहे. तेव्हा गार्डसाहेब ऐकून पुढच्या बाकाकडे वळले. पण फाल्गुनात एके रविवारी आम्ही दुसऱ्याच रानात निघालो असताना त्यांनी पाटलांचा नसेल, पण त्या गावच्या सरपंचांचा चहा उभ्या उभ्या घ्यायला लावला, काकूंना बोरांवरून हुसकले आणि आम्हाला पळवत पळवत एका ओढ्याकाठी नेले. तिथे तो पळस होता. औषधवाले त्याच्याखाली हात जोडून उभे राहिले. आणि मी मागे उभा राहून चडफडत होतो, की एका झाडासाठी हा माणूस चहा उभ्याने उरकतो आणि माझ्या डोंगरासाठी उरकत नाही. माझा डोंगर त्यांना ठाऊकच नव्हता, हे मात्र माझ्या डोक्यात आले नाही.

पाचव्या वर्षी माथा दिसला. वाळलेल्या गवतातून वर जाणारी वाट आणि शेवटी काळ्या दगडांची रांग. दोनशे पावले, जास्त नाही. आणि शिट्टी वाजली.

"दहा मिनिटं द्या, गार्डसाहेब," मी म्हणालो. "मी पळत जातो आणि येतो."

"जा," ते शांतपणे म्हणाले. "मी डबा सोडून गाडी नेत नाई. आमी सारे इथंच थांबतो. यष्टी गेली तं गेली. वानखेडे बाईची सासू अंथरुनावर हाय, तिले पानी पाजाले कोनी नाई घरी. पन जा तुमी."

काकू माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या पदरात बोरे होती. मी डोक्यावरची टोपी काढून जमिनीवर आपटली, पुन्हा उचलली आणि खाली उतरलो. गार्डसाहेब माझ्यामागून चालत होते. अर्ध्या वाटेवर त्यांनी विचारले, "वर काय हाय बाबूसाहेब? एवढं काऊन?"

"काही नाही," मी म्हणालो. "असंच."

वर्ध्याला लागूनच असलेल्या पिपरीत घरी पोचलो तेव्हा आईने माझा चेहरा पाहूनच ओळखले. "राहू दे," ती म्हणाली. "दगड काई पळून नाई जात."

सहाव्या वर्षी मी रजा टाकून एकटा गेलो. त्या डोंगराला चारही बाजूंनी सोंडा आहेत आणि खालून सगळ्या सारख्याच दिसतात. मी भलत्याच सोंडेवर चढलो, घाणेरीच्या जाळीत शिरलो, अंगभर ओरखडे घेऊन बाहेर आलो आणि शेवटी फाट्यावर येऊन एसटीची वाट पाहत बसलो. नेमकी वाट फक्त गार्डसाहेबांनाच माहीत होती; काकूंनाही ते मागून ओरडून सांगायचे. सातव्या वर्षी पाटलांकडे बारसे निघाले. त्यावर न बोललेलेच बरे.

आठव्या वर्षी, पौष लागण्याआधीच, आई गेली. चार दिवस तापाचे निमित्त झाले. तिसऱ्या दिवशी ती ग्लानीत बकऱ्यांना हाका मारत होती.

गार्डसाहेब भेटायला आले. आल्या आल्या भिंतीला टेकून जमिनीवर बसले. मग का कोण जाणे, मला एकदम भरून आले आणि मी त्यांना बोललो. माझ्या आवाजात राग होता. म्हटले, तुमच्या त्या साडेबारानं माझ्या आईचं एक साधं काम राहून गेलं. आणि दगडाची गोष्ट सांगितली.

त्यांनी मान वर केली. "भागू?" ते म्हणाले. "बकरीवाली भागू?"

मला काही समजेना.

"मोठ्या दगडाच्या पोटाले, उगवतीकडून. भागू लिव्हलं हाय आन् बाजूले बकरी काढली हाय. पाच पायाची." ते म्हणाले. "मी तरना होतो तवापासून पाहून राह्यलो तिले. माह्या मामाचं गाव तिकडचंच. वर गेलो का हात लावून येत होतो."

खोलीत दुसरे कोणी नव्हते. त्यांचा आवाज चढला तो मी पहिल्यांदाच ऐकला. "आठ साल झाले बाबूसाहेब! मी इचारत होतो ना तुमाले? काऊन आले, काऊन आले. तोंडानं एक शब्द काहाडला असता तं त्याच दिवशी तुमच्या घरी येऊन बाईले सांगतलं असतं मी. आता काऊन सांगून राह्यले?"

मी उठलो आणि त्यांच्यासाठी पाणी आणले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला एकट्यालाच नेले. मंडळाला सुटी दिली. पाटलांच्या दारात उभे राहूनच "आज नाई, काम हाय," असे सांगितले आणि पाटलांनीही काही विचारले नाही. ते सत्तरीला आले होते, गुडघा दुखत होता, तरी माझ्यापुढे चालत होते. त्यांची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. इतके ते सोपे होते. मला त्यांचा राग आला, माझा आला, बोरांचा आला आणि त्या सगळ्या पोह्यांचाही आला.

दगडावर नाव होते. अक्षरे वाकडी, पण खोल. शेजारी बकरी, खरेच पाच पायांची. मी खाली बसून एकेक पाय मोजला. पाचवा पाय होता की शेपूट खाली आली होती, की पोटाखाली पिलू उभे होते? हे सांगणारी एकच व्यक्ती होती आणि तिने मला बकरीचे काही सांगितलेच नव्हते. तिलाही कोणी विचारले नव्हते म्हणा. मी रडलो. गार्डसाहेब पाठ फिरवून खाली पसरलेल्या रानाकडे पाहत बसले.

"बसा निवांत," ते म्हणाले. "साडेबाऱ्याले टाइम हाय."

आम्ही तिथे बसून भाकरी आणि ठेचा खाल्ला. साडेबाराला त्यांनी घड्याळ कानाला लावले, शिट्टी खिशातून काढली, पुन्हा खिशात ठेवली आणि म्हणाले, "चला."

त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. त्यांच्या मुलाने शिट्टी आणि घड्याळ माझ्या घरी आणून दिले, आणि मंडळही माझ्याच गळ्यात पडले. मी शेवटच्या डब्यात चालू लागलो. पाटलांचा चहा कधी नाकारला नाही आणि साडेबाराची शिट्टी एकदाही चुकवली नाही. तरणी पोरे माझ्यावर चडफडायची, ते मला मागून नीट दिसायचे.

नव्या माणसाला एसटीत मी त्यांचाच प्रश्न विचारायचो. बहुतेक जण माझ्यासारखेच, खिडकीबाहेर पाहत म्हणायचे, "असंच, काका." गार्डसाहेब तेवढे ऐकून पुढच्या बाकाकडे वळायचे. मी वळत नसे. शेजारी जागा करून बसायचो आणि फाटा येईपर्यंत पुन्हा विचारायचो.