हलक्यातली हलकी

सासऱ्यांसाठी घ्यायची वस्तू फोनवर ठरवू नये, आणि ठरवलीच तर निदान तिच्या वजनाबद्दल बोलू नये. एवढं एक पथ्य मी पाळलं असतं, तर आज माझी मान सरळ असती.

माझे सासरे, म्हणजे मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात), मूळचे उमरेडचे. घराणं विणकरांचं. अर्धं आयुष्य हातमागावर गेलं आणि उरलेलं नागपुरात सरकारी कचेरीतल्या टेबलावर. दोन्हीकडे मान खाली. निवृत्त झाल्यावर ती मान वर यायलाच तयार होईना. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, गळ्याला पट्टा दिला, आणि शेवटी कंटाळून म्हणाले, "काका, रोज सकाळी झाडाखाली उभे राहा आणि वर पाहत जा." मामाजी आज्ञाधारक माणूस. ते वर पाहू लागले. वर पक्षी होते.

झालं! म्हातारा हातचा गेला. पहाटे उठून गोरेवाड्याच्या तलावावर जायचं आणि उन्हं तापायच्या आत परत येऊन आम्हाला फोनवर हळद्या, खंड्या, कोतवाल अशी हजेरी सांगायची. मला पक्ष्यांमधले दोनच प्रकार कळतात, कावळा आणि कावळा नसलेला. तरी मी "वा, वा" म्हणत असे. जावयाला तेवढं येतं.

एका पक्ष्यावर मात्र त्यांचा जीव अडकला होता. दूधराज. पांढराशुभ्र, डोकं काळं, आणि मागे हातभर लांब शेपटी. लहानपणी उमरेडच्या अंगणात त्यांच्या वडिलांनी सुताच्या लडी वाळत घातल्या होत्या. त्यातला एक धागा आपला आपण उठला, हवेत लहरला आणि चिंचेवर जाऊन बसला.

"म्या बोंबललो, बाबा, सूत उडालं," मामाजी सांगायचे. "बाबा हासले. म्हणे, अबे, दूधराज होय तो."

पुढे मागावर बसले, मान खाली गेली, आणि तो पक्षी पुन्हा दिसला नाही. आता गोरेवाड्याला कोणाकोणाला दिसत होता. पण मामाजींची नजर उतरलेली. "मले नुसतं पांढरं पांढरं दिसते, जवाईबापू. पाखरू हाय का झाडाले अटकलेली पिशवी हाय, काही समजत नाही." हे सांगताना ते हसायचे, पण ते हसणं ऐकून माझ्या बायकोला, वैशालीला, रडू यायचं.

म्हणून तिनं ठरवलं की बाबांच्या सत्तरीला दुर्बीण द्यायची. अटी दोन. एक, दुर्बीण अगदी हलकी हवी, कारण ती त्या मानेला लटकणार. दोन, गोष्ट गुपित. "मी तयारीसाठी माहेरी चालली आहे. फोनवर वस्तूचं नाव घ्यायचं नाही. घरात आत्या असते."

आत्या म्हणजे मामाजींची थोरली बहीण. मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्यापासून मामाजींचं तांडापेठेतलं घर त्याच सांभाळतात. आपल्याला ऐकू कमी येतं, असं त्या स्वतः सांगतात. त्यावर विश्वास ठेवणाऱ्याचं आजवर भलं झालेलं नाही.

मी सीताबर्डीतल्या एका दुकानात गेलो. दुकानदारानं काचेवर दुर्बिणींची रांग लावली. मी एकेक गळ्यात घालून दारात उभा राहून पाहू लागलो. रस्त्यापलीकडे तर्री-पोह्यांची गाडी होती. एका दुर्बिणीतून ती तर्री इतकी जवळ आली की मी हात पुढे केला आणि तो एका बाईंच्या पर्सला लागला. माफी मागून आत आलो आणि वैशालीला फोन केला. नाव न घेता, अगदी सांगितल्याप्रमाणे.

"ऐक, मामाजींसाठी मी हलकीच घेतोय. हलक्यातली हलकी. त्यांना काय करायची जड? हातात घेतली तर आहे की नाही कळणार नाही, अशी पाहतो."

वैशालीचे हात पिठात होते. फोन स्पीकरवर होता. शेजारी आत्याबाई शेंगा सोलत बसल्या होत्या.

आता तुम्हीच सांगा, सत्तरीला जावई सासऱ्यासाठी हलकी काय घेणार? अंगठी! आत्याबाईंनी शेंगा बाजूला ठेवल्या.

"काहून वं वैशाली, तुह्या नवऱ्याले पगार भेटत नाही काय? हलक्यातली हलकी? बापाच्या बोटात का तार गुंडाळता?"

वैशालीला खुलासा करता येईना, कारण गुपित. ती मान खाली घालून पीठ मळत राहिली. ते पाहून आत्याबाईंची खात्रीच पटली.

मी इकडे खुशीत होतो. मला एक सुबक, काळी, तळहातावर मावणारी दुर्बीण मिळाली होती. तिची डबी इवलीशी. घरी येऊन मी ती गळ्यात घातली आणि आरशात पाहिलं. गळ्यात काही आहे असं वाटतच नव्हतं. तेवढ्यात मामाजींचा फोन आला.

"जवाईबापू, आक्का सांगत होती."

गुपित फुटलं, मी समजलो. "कळलं का तुम्हाला?"

"हलकी असली तरी चालते. मनाले लावून घेऊ नका. माणसाचं मन मोठं पाहिजे."

"अहो मामाजी, मुद्दाम हलकी घेतली. दिवसभर गळ्यात घालून फिरायचं तुम्हाला."

"गळ्यात?"

"मग काय, बोटात घालणार?" मी मोठ्यानं हसलो. (एकटाच.)

"मले त लाज येईन, जवाईबापू. या वयात."

"लाज कसली? गोरेवाड्याला सगळे गळ्यात घालूनच येतात."

"मी त कधी ध्यान देल्लं नाही," मामाजी विचारात पडून म्हणाले आणि फोन ठेवला. मग त्यांनी बहिणीला शांतपणे सांगितलं, "आक्का, अंगठी नाही. साखळी हाय."

दुसऱ्या दिवशी वैशालीनं गच्चीवरून फोन केला. दबक्या आवाजात, पण दात खाऊन. "तुम्ही काय बोललात बाबांशी? पूर्ण गल्लीत झालं आहे की जावई सोन्याची चेन देऊन राहिला, आणि तीही हलकी. आत्यानं किराणावाल्यालाही सांगितलं. तो म्हणे, न देण्यापेक्षा बरी."

'न देण्यापेक्षा बरी' हे वाक्य मला रात्रभर टोचत राहिलं. मी ती इवलीशी डबी समोर ठेवून पाहिली. हुबेहूब सराफाची डबी. डोळ्यांसमोर चित्र आलं: तांडापेठ जमलेली, मामाजी डबी उघडतायत, सगळ्यांच्या माना पुढे, आणि आतून निघते हलकीच, पण सोन्याचीसुद्धा नाही अशी वस्तू.

मी सकाळी पुन्हा दुकानात.

"ही परत घ्या. सगळ्यात भारी दाखवा."

"परवा तर तुम्ही हलकी मागून राहिले होते," दुकानदार म्हणाला. "सासरे बदलले काय साहेब?"

त्यानं खालच्या कप्प्यातून दोन्ही हातांनी एक दुर्बीण वर काढली. दोन वरवंटे शेजारी शेजारी बांधल्यासारखी. काचेवर ठेवली तेव्हा काच कुरकुरली. हिला कोणी हलकी म्हणणं शक्यच नव्हतं. स्वतःचा मान राखायच्या नादात मी मामाजींची मान साफ विसरलो.

सत्तरीच्या दिवशी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. खोकं पाहून आत्याबाई म्हणाल्या, "साखळीले एवढा मोठा डब्बा?" मामाजींनी तो उघडला. दुर्बीण पाहिली. त्यांचे डोळे असे चमकले की मला माझे सगळे गुन्हे माफ झाल्यासारखं वाटलं. आत्याबाईंनी मात्र आतला कातडी पट्टा उचलून धरला. "अन् साखळी? हे चामड्याची?"

मग त्यांना एकदाचं सगळं कळलं. कळल्यावर त्यांनी नव्या वस्तूची रीतसर पूजा केली. दोन्ही नळ्यांवर हळदीकुंकू, मध्ये स्वस्तिक, वरून अक्षता. काही अक्षता भिंगाच्या फटीत गेल्या त्या अजून तिथेच आहेत. शेवटी मामाजींनी दुर्बीण गळ्यात घातली, आणि सगळ्यांदेखत त्यांची मान हळूहळू खाली गेली, मागावर असायची तितकी.

"भारी हाय," ते जमिनीकडे पाहत म्हणाले.

गल्लीनं माना डोलावल्या. मी कृतार्थ झालो. वैशाली माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, ती मला दुर्बिणीशिवाय दिसत होती.

माझं मन राखायला मामाजी ती गळ्यात घालून एकदोनदा गोरेवाड्याला गेले. मग मान धरली. इतकी, की कुशीवर वळता येईना. मी खजील होऊन दुर्बीण घेऊन दुकान गाठलं, तर दुकानदार कुंकू पाहून दोन पावलं मागे सरला. "साहेब, पूजा झालेला माल आम्ही परत घेत नाही. पाप लागते." मी म्हटलं, मग दुसरी हलकी विकत घेतो. पण घरी मामाजींनीच हात जोडले. "जवाईनं देल्ली वस्तू हाय. तिले बाजूले ठेवून दुसरी गळ्यात घालू काय? शोभते काय?"

"पण मामाजी, दूधराज?"

"दिसला त दिसला," ते पट्ट्यातल्या मानेनं भिंतीकडे पाहत म्हणाले. "नाही त नाही. सत्तरी झाली आता."

हे ऐकून, खोटं कशाला सांगू, मला स्वतःची शरम वाटली. पुढच्याच रविवारी मी पहाटेच गाडी घेऊन दारात उभा राहिलो. दुर्बीण माझ्या गळ्यात घातली आणि मामाजींना शेजारी बसवलं.

गोरेवाड्याला पोचलो तेव्हा तलावावर धुकट उजेड होता. पाणी झोपेतून उठायचं की नाही या विचारात असल्यासारखं. पलीकडच्या काठावर कोणीतरी सायकल ढकलत चाललं होतं आणि तिचा आवाज बऱ्याच वेळानं आपल्याकडे येत होता. नाल्याकाठच्या बांबूंत कसलीशी शीळ वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. मामाजी हळू चालत होते. आपण कुठे निघालोय हे मी थोडा वेळ विसरूनच गेलो, आणि ते विसरणं मला फार आवडलं.

एकाएकी मामाजींनी माझा दंड धरला. "पांढरं," ते कुजबुजले. "पांढरं हलून राहिलं."

मी दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावली, पण त्या वजनानं ती माझ्या हातात स्थिर राहीना आणि त्यांना धरवत नव्हती. मग मी त्यांच्यापुढे गेलो, पाठ केली, गुडघ्यांवर हात ठेवून ओणवा झालो आणि मामाजींनी दुर्बीण माझ्या मानेवर टेकवली.

"दिसते काय?"

"चूप राहा. हलू नका."

मी हललो नाही. माझ्यासमोर एक मुंग्यांची रांग होती. ती एक वाळका पंख ओढून नेत होती. मुंग्या पार बुटाला वळसा घालून दिसेनाशा झाल्या.

"मामाजी?"

"बाबाचं सूत," ते म्हणाले. आवाज ओला होता. "उडालं... बसलं... पुन्हा उडालं. आहा रे बाप्पा. तसंच हाय अजून."

माझ्या मानेवर टपकन एक थेंब पडला. मग एक आणखी. मी ओणव्यानंच डोळे पुसले, कारण माझेही भरून आले होते. मी वर पाहीपर्यंत बांबूंत काहीच नव्हतं. दूधराज मी आजतागायत पाहिलेला नाही.

तेव्हापासून दर रविवारी आमचा हाच नेम आहे. मामाजींची मान इतकी सुधारली की पट्टा सुटला. आयुष्यभर खाली पाहिलेला माणूस आता वर पाहतो, आणि मी त्यांच्यापुढे ओणवा होऊन मुंग्या पाहतो.

व्हायचं तेच झालं. परवा माझी मान धरली. मामाजींच्याच डॉक्टरांकडे गेलो. सोबत आत्याबाई होत्या (त्यांना कुठेही यायचं असतं). त्या बाहेर बाकावर बसल्या. डॉक्टरांनी मान दाबून पाहिली. "खाली पाहणं बंद करा. पक्षी का नाही पाहत, सासऱ्यांसारखे? एखादी हलकी..."

"हळू बोला, डॉक्टर," मी कळवळून म्हणालो. "बाहेर आत्याबाई बसल्यात."

पण उशीर झाला होता. संध्याकाळपर्यंत अख्ख्या तांडापेठेला कळलं होतं की जवाई डोक्यानं हलका हाय, असं डॉक्टरनं स्वतः सांगितलं. आणि या वेळी खुलासा कोणीच मागितला नाही.