साहेबाच्या कोठीतलं धुराडं

समोरच्या घरात बाळंतीण आली आहे. सकाळपासून ओव्याच्या धुरीचा वास येतोय आणि सगळे कौतुकानं हुंगताहेत. मी मात्र उठून दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. त्या वासानं माझा जीव अजून घाबरा होतो.

निजामाचं राज्य जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. हसनाबादची शेती दिरांवर सोडून आम्ही जालन्याच्या छावणीत एका दगडी कोठीत भाड्यानं राहायला आलो. कुणा गोऱ्या साहेबानं आपल्या मुलखातल्यासारखी बांधलेली ती: उभट, दुमजली, ना अंगण ना ओसरी, दार उघडलं की थेट रस्ता. घडीव दगडाच्या हातभर जाड भिंती, उंच अरुंद खिडक्या, आणि वरच्या खोलीत भिंतीतच केलेली शेकोटी. तिच्यावर थेट छपराबाहेर गेलेलं धुराडं. आमची घरं चौकाकडं तोंड करून बसतात. हे आपलं आम्हांला पाठ दाखवून रस्त्याकडं बघायचं. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. खिडक्या तेवढ्या कधी उघडल्या नाहीत. गंजल्या असतील म्हणून आम्ही नाद सोडला.

थोरली लेक तिथंच झाली, ऐन थंडीत. बाळंतिणीला वारं लागू नये, हा सासूबाईंचा एकच धोशा. धुराड्यातून गार झोत उतरायचा, तर त्यांनी त्यात जुनी गोधडी कोंबली, दाराच्या फटीत चिंध्या भरल्या, आणि शेकोटीत कोळशाची शेगडी ठेवून वर ओवा टाकला. "आता बिलकुल वारं न्हाई," म्हणाल्या आणि समाधानानं खाली स्वयंपाकाला गेल्या. माझं डोकं जड झालं. बाळंतपणाचा थकवा असेल म्हणून पडून राहिले. मग लेकीला पाजायला घेतलं तर ती तोंडच लावेना. मान लुळी पडलेली. उठायला गेले, पाय उचलेनात. तिला छातीशी धरून सरपटत खिडकीपाशी गेले, बाहेर ढकलत राहिले, हलेना. शेवटी हाताला लागलेला पितळी तांब्या काचेवर घातला.

आवाज ऐकून सासूबाई धावत वर आल्या. "लेकराला वारं घालून राह्यलीस? येडी झालीस का?" ओरडल्या, मग त्यांची नजर पोरीच्या तोंडावर गेली. तिला हिसकावून जिन्यात नेलं, पालथं धरून पाठ चोळत राहिल्या. ती रडेना. किती वेळ, मला सांगता येणार नाही. तेवढा वेळ मी सासूबाईंचा मनापासून द्वेष केला. मग लेक बारीक कण्हली, आणि रडली.

दोन दिवसांनी काच बसवायला मिस्त्री आला. त्यानं खिडकी नुसती वर सरकवली. तशीच उघडायची ती. आम्हांला कवाडं ढकलायची सवय. वर सरकणारी खिडकी कुणी पाहिलेली?

कोळशाची वाफ कोंडवणारी ती गोधडी सासूबाईंनी स्वतः धुराड्यातून ओढून काढली. वाऱ्याची धास्ती मात्र गेली नाही. सव्वा महिना त्या उघड्या शेकोटीला पाठ लावून बसल्या, वरून येणारा झोत आमच्याऐवजी स्वतःच्या अंगावर घेत. "आई, खाली जाऊन निजा की," मी म्हणायचे. "बसू दे मला," एवढंच. 'चुकलं' कधी म्हणाल्या नाहीत. माझा राग त्या सव्वा महिन्यात केव्हा गेला, मलाच कळलं नाही.

त्यांची पाठ पुढं कायमची आखडली. कोठी आम्ही सोडली. तिचा दगड अजून तसाच आहे म्हणतात. लेक लहानपणी विचारायची, आजी अशी वाकून का चालते? वय झालं, मी सांगायचे. आता ती स्वतः आजी झाली आहे, आणि तिला अजून तेच खरं वाटतं.