बोडनझेवरचे शाकाहारी मच्छीमार

बोडनझे हे केवढं तरी मोठं तळं. तीन देश त्याच्या काठावर पाय सोडून बसले आहेत. पण त्या तिन्ही देशांत मिळून माझ्या बायकोच्या मामांइतका निष्ठावान मच्छीमार झाला नसेल, आणि त्यांच्याइतका कट्टर शाकाहारी तर नाहीच नाही. मामा मूळचे मिरजेचे, ऐन तारुण्यात स्टुटगार्टला आले आणि गिअरबॉक्स जुळवता जुळवता तिथलेच झाले. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. केकमध्ये अंडं आहे का, हे विचारल्याशिवाय कुणाच्या वाढदिवसाला टाळीसुद्धा वाजवणार नाहीत. असा हा गृहस्थ दर शनिवारी पहाटे गाडीच्या टपावर दोन सीटची कयाक बांधून दोन तासांवरच्या तळ्यावर मासे धरायला जायचा. मी नोकरीसाठी नुकताच तिथे आलो होतो. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "मामा, तुम्ही मासे खात नाही, मग धरता कशाला?" तर म्हणाले, "मासे धरायला नाही हो जात, जावईबापू. गप्प बसायला जातो. माणूस नुसता बसला की आळशी दिसतो. हातात गळाचा रॉड दिला की तोच माणूस कामात दिसतो."

धरायचे आणि सोडून द्यायचे, असा त्यांचा मूळचा सात्त्विक बेत होता, पण जर्मन कायदा आडवा आला. नुसत्या मजेसाठी माशाला गळ टोचणं म्हणजे इथे प्राण्याचा छळ. धरलास आणि मापात बसला, तर घरी ने. दुसऱ्या कुणी नाद सोडला असता. मामा परीक्षेला बसले. इथे मासे धरायलाही परीक्षा असते, आणि मामांनी माशाचं यकृत, पित्ताशय आणि पोहण्याची पिशवी हे सगळं जर्मनमध्ये इतकं तोंडपाठ केलं की मामी म्हणायच्या, "माशाच्या पोटात काय आहे ते ह्यांना सांगता येतं, पण साखरेचा डबा कुठे आहे ते नाही." पहिला मासा लागला तेव्हा नियमाप्रमाणे त्याच्या डोक्यात टोला घालण्याआधी मामांनी त्याला हात जोडले, "क्षमा कर रे बाबा" म्हणाले आणि मग दिवसभर स्वतः जेवले नाहीत. पुढे उपास सुटला, पण हात जोडणं राहिलं. शेजारच्या होडीतले जर्मन मच्छीमार ते बघून टोपी काढायचे. त्यांना वाटायचं, ही काहीतरी भारतीय युक्ती आहे. कारण मामांना मासे खरोखरच भरपूर लागायचे.

आता प्रश्न असा की, ते मासे जायचे कुठे? मामींनी बजावलं होतं की मासा उंबऱ्याच्या आत आला तर मी बाहेर. म्हणून पहिल्या दिवशी मामा मासे घेऊन जिन्यातच उभे राहिले आणि वास चढत चढत वरच्या मजल्यावरच्या आजीबाईंपर्यंत गेला. या बाई म्हणजे इमारतीचं पोलीस ठाणं. जिना झाडायची पाळी चुकली की दाराला पाटी लटकवणार, आणि मामींच्या फोडणीबद्दल तर घरमालकाकडे दोनदा तक्रार केलेली. त्या तरातरा खाली आल्या, पिशवीत डोकावल्या आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, "फेल्शेन?" फेल्शेन म्हणजे खोल पाण्यात थव्याने फिरणारा, चंदेरी, नाजूक मासा. बाईंचं माहेर बोडनझेच्या काठचं. लहानपणी दर शुक्रवारी घरी हाच मासा व्हायचा. नवरा गेल्यापासून कुणी आणून दिला नव्हता. त्या दिवसापासून फेल्शेन आणि पाठीवर काटे असलेला पट्टेरी, पैलवानी बार्श मासा, दोन्ही थेट वरच्या मजल्यावर जाऊ लागले. फोडणीची तक्रार आपोआप मिटली. उलट एकदा बाईंनीच खाली येऊन मोहरी कुठे मिळते ते विचारलं.

एकदा मामांनी मला बरोबर नेलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि हातात वल्हं दिलं. ती लांबुळकी प्लॅस्टिकची होडी पाण्यात अशी डुलत होती की शिंक आली तरी परवानगी मागावी. दुपारी दक्षिणेकडचा आल्प्स अचानक हाताला लागेल इतका जवळ दिसू लागला. मी म्हटलं, "काय सुंदर!" मामा म्हणाले, "सुंदर नाही. फ्योन." फ्योन हे जर्मनमध्ये केस वाळवायच्या यंत्राचं नाव, आणि डोंगरावरून उतरणाऱ्या वाऱ्याचंही. दहा मिनिटांत त्या यंत्राचं बटण कुणीतरी दाबलं. पाणी उकळल्यासारखं उसळलं, काठावर वादळाच्या इशाऱ्याचे नारिंगी दिवे लुकलुकायला लागले आणि नेमका त्याच क्षणी मामांच्या गळाला मोठा फेल्शेन लागला. "मामा, दिवे!" "दिसले. तुम्ही वल्हवा." मी जिवाच्या आकांताने वल्हवत होतो, मागे मामा माशाला हात जोडत होते आणि रामरक्षा म्हणत होते, ती माशासाठी की आमच्यासाठी, कळत नव्हतं. वारा आम्हाला काठच्या लव्हाळ्यांच्या बेटाकडे ढकलत होता. मी म्हटलं, "तिकडेच शिरू!" तर मामा ओरडले, "नाही! पाटी दिसत नाही का? पक्ष्यांसाठी राखीव आहे. शिरायला बंदी आहे!" "मामा, बुडायलाही बंदीच असेल!" आमचा हा वाद लाटेने मिटवला. एका फटक्यात तिने कयाक उलटी करून आम्हाला त्या राखीव लव्हाळ्यांत नेऊन फेकलं. मी दोनदा बुडालो, मनातल्या मनात बायकोचा निरोप घेतला आणि मग लक्षात आलं की पाणी कमरेइतकंच आहे. शेजारी मामा उभे होते. चष्मा गेलेला, रॉड गेलेला, टोपी गेलेली, आणि माशांची पिशवी मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. थंडीने दात वाजत असताना ते म्हणाले, "आपण शिरलो नाही हं. आपल्याला आत टाकलं गेलं. कुणी विचारलं तर असंच सांगायचं."

रात्री घरी पोचलो तर जिन्यात बादली आडवी पडलेली आणि मामी दारात उभ्या. बाई जिना पुसताना घसरून पडल्या होत्या. खुब्याचं हाड मोडलं होतं, रुग्णवाहिका नुकतीच गेली होती. मामा ओल्या कपड्यांनिशी पायरीवरच बसले. मामींनी त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली, आत गेल्या आणि फ्रीझरमधलं ओलं खोबरं बाजूला सारून त्या माशांना जागा केली.

बाई परत घरी आल्याच नाहीत. शहराच्या टोकाला एक वृद्धाश्रम होता, तिथे त्यांची सोय झाली. मामा फेल्शेन घेऊन गेले, तर तिथल्या स्वयंपाकघराने बाहेरचा कच्चा मासा घ्यायला साफ नकार दिला. शिजवून आणलात तर बघू, म्हणाले. मग एका शनिवारी मी मामांकडे गेलो, तेव्हा हा चातुर्मास पाळणारा माणूस बाल्कनीत, नाकाला मामींचा रुमाल बांधून, छोट्या स्टोव्हवर मासा तळत होता. शेजारी फोन स्पीकरवर ठेवलेला, आणि त्यातून बाईंचा पोलिसी आवाज: "हं, आता उलटा! लोणी जळतंय, मला इथे ऐकू येतंय!" "या, या," असं जर्मनमध्ये हो-हो म्हणत मामा डोळे अर्धवट मिटून मासा उलटत होते. स्वयंपाकघरातून मामी म्हणाल्या, "अहो, लिंबू विसरू नका."

स्टीलच्या डब्यात तो मासा घेऊन आम्ही दोघं गेलो. बाई खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या, पहिल्यापेक्षा निम्म्या झालेल्या. पहिला घास खाल्ला आणि म्हणाल्या, "मीठ कमी." मामा ओशाळून म्हणाले, "मी चाखत नाही ना." त्यावर त्या इतक्या हसल्या की परिचारिका धावत आली. मग मामांनी खुर्ची जवळ ओढली, नवा चष्मा पुसला आणि काट्याचमच्याने माशातला एकेक काटा काढून घास पुढे करू लागले. "सावकाश हं, घशात अडकेल," असं मधूनच मराठीत म्हणत होते, आणि बाई "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणून मान डोलावत होत्या. खाता खाता त्यांचा डोळा लागला. भेटीची वेळ संपत आली होती. मी कोट चढवून दाराशी उभा राहिलो.

"बसा जरा, जावईबापू," मामा हळूच म्हणाले. हातातला घास तसाच धरलेला होता. "अर्धा राहिलाय अजून. उठतील त्या."

मी कोट काढला आणि बसलो.