धुरपताबाईचा खोकला

पंचफुला नऊ वर्षांची. चुलीवरचं तापलेलं भगुनं ती फडक्याशिवाय उतरवायची आणि हूं की चूं करायची नाही. लातूर जिल्हा नवा झाला त्याच साली पावसाने दगा दिला. तिची आई धुरपताबाई दिवसभर चाकूरच्या रस्त्यावर खडी फोडायची आणि लेकीचं कौतुक सांगायची, "माजी पंची लई सोसणारी हाय बगा." सोबतच्या बायाही माना डोलवायच्या. पोरीला चटका कळतच नसेल, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही.

मग सरकारी दवाखान्याचा माणूस, नरसिंग, घरोघर पोरं तपासत आला. पंचफुलाच्या मनगटावरचा फिका चट्टा त्याने लगेच हेरला.

"उद्या चट्ट्याला कापूस लावून बघतो, तिला कळतो का ते. महारोग निघाला तरी भिऊ नका, बाई. औषध फुकट मिळतं, वेळेत घेतलं तर पोरगी ठणठणीत होते."

एवढं सगळं सांगितलं त्या भल्या माणसाने, पण बाईच्या कानात एकच शब्द राहिला. थोरल्या नीलाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ते मोडू द्यायचं नाही, मग काहीही होवो. तिने धाकटीला समोर बसवलं.

"डोळे मिटून बस. मी खोकले की 'लागलं' म्हणायचं. समजलं का?"

दहादा घोटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नरसिंगने मिटल्या डोळ्यांच्या पोरीला कापूस टेकवला. आई खोकली. "लागलं." परत टेकवला, परत खोकली. "लागलं." खडीच्या धुळीने अख्खं गाव खोकत होतं, त्याला शंका कशी यावी? 'निरोगी' असं लिहून तो गेला. "हुशार हाय माजी बाय," म्हणत आईने पोरीच्या गालावरून हात फिरवला. पंचफुलाला तो लाड फार आवडला.

नीलाचं लग्न झालं. दोन वर्षांत पंचफुलाच्या उजव्या हाताची बोटं आत वळली. ती बघून नीलाच्या सासूने सुनेचं माहेर तोडलं. आता लपवायला काही उरलं नाही, तेव्हा कुठे धुरपताबाई लेकीला घेऊन लातूरला आली.

"रोग बरा होईल," डॉक्टरीणबाई हात बघत म्हणाल्या, "बोटांचं मात्र सांगता येत नाही. फार उशीर केलात." मग त्यांनी कापूस काढला. "डोळे मीट, बाळ. लागलं की सांग."

कापूस मनगटावर टेकला. परत टेकला. धुरपताबाईने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता.

पंचफुलाने बराच वेळ वाट पाहिली. मग डोळे न उघडताच हळूच म्हणाली, "आये, खोक की."