सीत्सेच्या हातची यादी

हिल्के हाइत्स्माने तेहतीस वर्षं एकच काम केलं. स्नेक गावाच्या खालच्या अंगाला कालव्यावर उचलपूल आहे, त्याच्या कडेच्या केबिनमध्ये बसायचं, बोट आली की रस्त्याचं फाटक पाडायचं, पूल उचलायचा, बोट गेली की पूल खाली. माणूस कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्न केलं तेही पंचावन्नाव्या वर्षी, आणि तेही पुलामुळेच. रेन्स्के कामावर जाताना सायकल धरून पुलापाशी खोळंबायची आणि खिडकीतल्या हिल्केशी चार शब्द बोलायची. नवऱ्याशी काडीमोड होऊन तिला तेव्हा वर्ष झालं होतं. पुढेपुढे पूल वर असला काय, खाली असला काय, ती थांबायला लागली.

असा हा थंड डोक्याचा माणूस मत्सराने आतून जळतो, हे गावात कुणाला सांगून पटलं नसतं. पण अकरा वर्षं तो जळत होता, आणि ज्याच्यावर जळत होता त्याचं नाव सीत्से.

सीत्से म्हणजे रेन्स्केचा पहिला नवरा. तिकडे वर्कुमच्या बाजूला त्याची वाडी होती आणि तो स्टाबाय कुत्री पाळायचा; आपल्याच भागातली ती लांब केसांची, गुणी जात. रेन्स्केने त्याच्याबरोबर बावीस वर्षं काढली होती. "कुत्र्यांचं सगळं झालं की मग माझा नंबर लागायचा," एवढंच ती सांगे आणि हसून विषय मिटवी. ते हसणं हिल्केच्या घशाखाली उतरत नसे. माणूस वाईट असता, दारुडा असता, तर बरं झालं असतं असं त्याला वाटे. पण सीत्से वाईट नव्हता. नाताळला कार्ड पाठवायचा, आणि त्यावर दोघांचीही नावं घालायचा.

रेन्स्के निवृत्त झाली तेव्हा तिने सीत्सेकडे पिल्लासाठी नाव नोंदवलं. "जात चांगली हवी तर त्याच्याकडूनच घ्यायला पाहिजे," ती म्हणाली. हिल्के म्हणाला, "घे की." दोन वर्षं काहीच झालं नाही आणि तो विसरूनही गेला. मग एप्रिलमध्ये फोन आला, सात पिल्लं झाली आहेत. रेन्स्के बघून आली तेव्हा तिच्या कोटभर केस चिकटले होते आणि गाल लाल झाले होते. सातांतली एक तपकिरी मादी तिने हेरली होती, शेपटीचं टोक पांढरं. कोट न काढताच ती बोलत सुटली. हिल्केने कोट काढून घेतला आणि दाराबाहेर नेऊन झटकला, गरजेपेक्षा बराच वेळ.

आठवड्याभराने टपालाने एक लिफाफा आला. आत दोन पानं, निळ्या शाईत, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. पिल्लू घरात आणण्याआधी काय काय करायचं त्याची यादी. रेन्स्केने ती फ्रिजवर चुंबकाने लावली. आता दूध काढायला गेलं की सीत्सेचं अक्षर, लोणी काढायला गेलं की सीत्सेचं अक्षर.

हिल्केने ठरवलं की यातलं एकही काम असं ठेवायचं नाही, ज्यावर त्या माणसाला बोट ठेवता येईल. तो कामाला लागला तो असा, की जणू महापौर राहायला येणार आहे. दिव्यांच्या, टीव्हीच्या सगळ्या वायरी उचलून भिंतीवर पट्ट्यांत बसवल्या. जिन्याला खालून फाटक केलं, त्याचे गज इतके जवळ घेतले की मांजराचं डोकंही जाऊ नये. कचऱ्याचा डबा कपाटात गेला, कपाटाला खटका आला. साबण, फिनेल, गोगलगायींसाठी टाकायचे निळे दाणे, सगळं शेडमधल्या वरच्या फळीवर चढलं. बागेच्या टोकाला कालवा, तिथे जाळी मारून तिचा खालचा काठ जमिनीत वीतभर पुरला.

यादीत झाडंही होती. फॉक्सग्लव्ह विषारी, काढून टाका. लग्नाच्या वर्षी हिल्केने स्वतः लावली होती ती, भिंतीच्या कडेने, रेन्स्केला जांभळी फुलं आवडतात म्हणून. त्याने कुदळीने एकेक उपटलं. शेजारची येल्त्ये कुंपणावरून बघत होती.

"काय रे हिल्के, ऐन फुलावर आलेली झाडं काढतोस?"

"पिल्लू येतंय."

"पिल्लाला फुलं आवडत नाहीत होय?"

"पिल्लाला नाही, पिल्लाच्या मालकाला," हिल्के म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं, आणि त्याने खाली मान घालून कुदळ मारायला सुरुवात केली.

दुसऱ्या पानावर, शेवटून तिसरी ओळ होती: 'चॉकलेट कुत्र्याला बाधतं. रे.च्या पलंगाशेजारच्या खणात असतं, ते हलवणे.'

हिल्केने ती ओळ दोनदा वाचली. मग वर गेला. रेन्स्केच्या बाजूचा खण त्याने अकरा वर्षांत कधी उघडला नव्हता. तो तिचा होता, उघडायचं काही कारणच नव्हतं. आज उघडला. चष्म्याची पेटी, हातरुमाल, आणि मागे, चांदीच्या कागदात गुंडाळलेलं, अर्धं खाल्लेलं काळं कडू चॉकलेट.

तो पलंगाच्या काठावर बसला. ती काळं चॉकलेट खाते हेच त्याला माहीत नव्हतं. वाढदिवसाला दर वर्षी तो दुधाचं आणायचा आणि ती "वा" म्हणायची. वर्कुमला बसलेल्या माणसाला या खणात काय आहे ते ठाऊक होतं, आणि जो दीड हातावर झोपतो त्याला नाही. आजवरच्या कुठल्याच गोष्टीने त्याच्या काळजाला इतकी घरं पडली नव्हती. चॉकलेट त्याने वरच्या कपाटात ठेवलं आणि रेन्स्केला काही बोलला नाही.

पिल्लू शनिवारी आणायचं होतं. गुरुवारी सकाळी रेन्स्के चर्चच्या गाण्याच्या तालमीला गेली आणि फोन वाजला.

"सीत्से बोलतोय. रेन्स्के आहे का?"

"नाही. गाण्याला गेली आहे."

"बरंच झालं. मला तुझ्याशीच बोलायचं होतं. मागच्या आठवड्यात ती म्हणाली की तुझ्या मनातून हे नसावं. म्हणाली, हिल्के सगळं करतोय पण तोंड मिटून. मी तर सरळ विचारतो बाबा. घरातल्या एकाला नको असेल तिथे मी पिल्लू देत नाही, कुणी का असेना. लेवार्डनचं एक कुटुंब तुमच्या मागे यादीत आहे, त्यांनाही तपकिरीच हवी आहे. तुला कुत्रा हवा आहे की नाही?"

म्हणजे माझ्या तोंड मिटण्याबद्दल ती याच्याशी बोलते. हिल्केची कानशिलं तापली.

"नको आहे," तो म्हणाला.

"नक्की?"

"नक्की."

"मग मी त्यांना देतो. रेन्स्केला तूच सांग, ते मी सांगणं बरं नाही."

फोन ठेवल्यावर हिल्केला मोकळं वाटलं. त्याने कॉफी केली, साखरपावाचा जाड काप घेऊन त्यावर लोणी फासलं आणि खिडकीपाशी उभं राहून खाल्ला. मोकळेपणा तेवढाच टिकला, कपातली कॉफी संपेपर्यंत.

रेन्स्के परत आली, तिनेही कॉफी घेतली, पिल्लाच्या नावांबद्दल बोलली. हिल्के हूं हूं करत होता. सांगायचं, आत्ता सांगायचं, असं म्हणता म्हणता तासभर गेला. मग ती उठली आणि चक्क स्वयंपाकघराच्या फरशीवर पोटावर पालथी पडली. एकसष्ट वर्षांची बाई, चांगल्या स्कर्टमध्ये.

"काय करतेस?"

"पिल्लाच्या उंचीवरून बघतेय. काही राहिलं नाही ना." ती कोपरांवर सरकत टेबलाखाली गेली. तिथून तिचा आवाज आला. "हिल्के, टेबलाखालचे खिळेसुद्धा घासलेस तू?"

"टोचले असते."

"हे यादीत नव्हतं."

"नव्हतं."

ती टेबलाखालीच उठून बसली, डोकं आपटणार नाही इतकी वाकून. "बावीस वर्षांत किती पिल्लं वाढवली मी. सीत्से याद्या लिहायचा. वायरी मी बांधायचे, जाळी मी मारायचे, घाण मी काढायचे. एक खिळा त्याने कधी ठोकला नाही. माझ्यासाठी कुणी घर असं तयार करील असं मला वाटलं नव्हतं." तिचे डोळे भरले होते.

हिल्के खुर्चीवर बसला. आता न सांगून गत्यंतर नव्हतं.

"सीत्सेचा फोन आला होता. मला कुत्रा हवा आहे का, असं विचारत होता. मी नको म्हणालो. तपकिरी त्याने लेवार्डनच्या लोकांना दिली."

रेन्स्केने टेबलाखालूनच विचारलं, "कधी?"

"तू गाण्याला होतीस तेव्हा."

"आणि तासभर मी नावं काढत बसले होते, तेव्हा तू ऐकत होतास."

"होय."

"का, हिल्के?"

तो म्हणाला, "तुझ्या खणातलं चॉकलेट त्याला माहीत आहे."

रेन्स्के टेबलाखालून बाहेर आली, स्कर्ट झटकला. "तो ते खाऊन टाकायचा म्हणून मी लपवायचे. खणात ठेवायची सवय लागली, ती राहिली. तू कधी विचारलं असतंस तर अर्धं तुला दिलं असतं." तिने गाडीची किल्ली खुंटीवरून काढून त्याच्या पुढ्यात टाकली. "जा त्याच्याकडे. मी येणार नाही. त्या माणसासमोर मला रडायचं नाही."

वर्कुमच्या त्या वाडीत हिल्केने आजवर पाऊल टाकलं नव्हतं. दार उघडंच होतं. आत गेला आणि बघतच राहिला. खुर्च्यांचे पाय कुरतडलेले, दिव्याची वायर दोन ठिकाणी चिकटपट्टीने जोडलेली, सोफ्यातून कापूस बाहेर आलेला, आणि विषारी म्हणून यादीत घातलेलं एक झाड खिडकीत कुंडीत डुलत होतं. त्या सगळ्यात सीत्से पुस्तक वाचत बसला होता. हिल्केच्या मनात तो उंचापुरा, रुबाबदार गडी होता. समोर गुडघेदुखीने वाकलेला, मोज्याला भोक पडलेला म्हातारा होता.

"तपकिरी गेली," सीत्से पहिल्यांदा तेच म्हणाला. "शब्द दिला मी त्यांना. तो फिरवता येणार नाही."

"फिरवू नकोस. दुसरं आहे का?"

"एक काळा राहिलाय. डोकं मोठं आहे, दिसायला यथातथाच, म्हणून कुणी नेला नाही. पण सकाळी तर तू म्हणालास कुत्रा नको."

"कुत्र्याचं मला काही नाही," हिल्के म्हणाला. उभ्यानेच बोलत होता. "मला तू नको आहेस. तुझं अक्षर माझ्या फ्रिजवर नको आहे."

सीत्सेने पुस्तक मिटलं. रागावला नाही. "मग फाडून टाक की तो कागद. फ्रिज तुझा आहे." आणि म्हणाला, "ती गेली तेव्हा मला तीन दिवस कळलंच नाही. वाटलं, बहिणीकडे गेली असेल. तू निदान दुसऱ्या तासाला गाडी काढून आलास." तो गुडघ्यावर हात टेकत उठला. "चल, काळा दाखवतो."

रेन्स्के दोन दिवस हिल्केशी बोलली नाही. पाव उभ्यानेच खायची आणि वर जायची. शनिवारी मात्र कोट घालून गाडीत येऊन बसली आणि काळं पिल्लू मांडीवर घेऊनच घरी आली. त्याचं नाव तिने ठेवलं, यॉरिट. तपकिरीचं तिने कधी पूर्ण माफ केलं नाही. कधी लेवार्डनच्या बाजाराला गेलं आणि एखादी तपकिरी स्टाबाय दिसली की ती बोलता बोलता गप्प होते, आणि ते गप्प होणं आपल्या नावावर आहे हे हिल्केला ठाऊक असतं.

सीत्से वर्षातून एकदा येतो, कुत्रा बघायला. त्याला कॉफी मिळते, साखरपावाचा काप एकच मिळतो.

यॉरिट आता चार वर्षांचा आहे. दिवसभर हिल्केच्या पायांत असतो. डोकं अजून मोठंच आहे. मंगळवारी दोघं बाजारात जातात. तिथे मासेवाल्याने नुसती शीळ घातली की तो शेपटी हलवत, लाळ गाळत त्याच्याकडे ओढ घेतो, आणि मासेवाला म्हणतो, "हिल्के, हा खरा माझा आहे बघ."

हिल्के पट्टा दोन वेढे घेऊन आखूड धरतो आणि हल्ली मासे दुसऱ्या टोकाच्या गाडीवरून घेतो. तिथले तितके ताजे नसतात, असं रेन्स्के म्हणते.