मागतो तो ताप

आमच्या घरात जेवणापेक्षा उपासाला मान होता, आणि तो माझ्या वडिलांनी मिळवून दिलेला होता. ते कल्याणचे वैद्य. घरात आम्ही त्यांना दादा म्हणायचो, गाव वैद्यबुवा म्हणायचं. कुणाला ताप आला की दादांचं पहिलं औषध लंघन. म्हणजे खायचं काही नाही, उकळून गार केलेलं पाणी प्यायचं आणि पडून राहायचं. रोगी दुसऱ्या दिवशी भुकेने कळवळायला लागला की घरची माणसं धावत येत. दादा ओसरीवर बसून पानाला चुना लावत शांतपणे म्हणत, "मागतो तो ताप, माणूस नव्हे. तापाला जेवू घालायची हौस असेल तर खुशाल घाला." एवढं ऐकल्यावर कुणाची छाती होणार हो? माणसं मुकाट्याने परत जात आणि बहुतेक रोगी बरेही होत. बहुतेक ताप आपले आपणच उतरतात, हे मला फार उशिरा कळलं.

मी तेव्हा वीस-बावीस वर्षांचा होतो. कल्याणला आगगाडी येऊन बरीच वर्षं झाली होती, ठाण्यात सरकारी डॉक्टर बसत होता, आणि दादांच्या मते या दोन्हींवाचून कुणाचं काही अडत नव्हतं. मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो. शिकायचं म्हणजे काढे उकळायचे, बोलणी खायची आणि दादा सांगतील ते पाठ करायचं. पाठांतरात मी पटाईत होतो. नको तितका पटाईत होतो.

एके सकाळी आंघोळ झाल्यावर दादांनी मला आत बोलावलं, दार लोटलं आणि माझी बोटं धरून स्वतःच्या डाव्या बरगडीखाली दाबली.

"सांग, काय लागतं हाताला?"

लिंबाएवढी कठीण गाठ होती. दाबून हलत नव्हती.

"दुखतं का, दादा?"

"परीक्षा तुझी चाललीय की माझी?"

"अर्बुद," मी म्हटलं. आता लोक कॅन्सर म्हणतात, तेच.

"शाब्बास. पहिल्या खेपेला ओळखलंस," म्हणत त्यांनी अंगरखा चढवला.

देवाशपथ सांगतो, मला आनंद झाला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला शाब्बास म्हटलं होतं. ती गाठ कुणाच्या पोटात आहे हे डोक्यात शिरायला जेवायची वेळ यावी लागली. मग मी भरलं ताट तसंच बाजूला सारलं, आणि आई विचारत राहिली की आमटीत काय कमी पडलंय.

थोड्याच दिवसांत दादांना रोज संध्याकाळी कणकण येऊ लागली. तापच तो, आणि तापाला औषध ठरलेलं. त्यांनी स्वतःला लंघन फर्मावलं आणि मला समोर बसवून बजावलं, "मी मागितलं तरी द्यायचं नाही. हातापाया पडलो तरी नाही. कळलं?" मी मान डोलावली. इतर रोग्यांचं लंघन तीन-चार दिवसांत सुटायचं, कारण ताप सुटायचा. दादांचा ताप सकाळी जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. त्यामुळे लंघन संपेना. लांबलं म्हणून सवलत एवढीच: सकाळी लाह्यांचं पाणी, दुपारी मुगाचं पातळ कढण, बस्स. असे दोन आठवडे गेले, तीन गेले.

दादा वाळत चालले. बोटातली अंगठी गळायला लागली म्हणून त्यांनी तिला दोरा गुंडाळला, मग आणखी दोरा गुंडाळला. ओसरीवरचे रोगी मात्र भारावून गेले होते. "काय तेज चढलंय वैद्यबुवांच्या चेहऱ्यावर! याला म्हणतात तपश्चर्या!" ते तेज म्हणजे गालांवर चढलेला ताप होता. गावात आमचं नाव इतकं वाढलं की भिवंडीहून माणसं यायला लागली, रोग दाखवायला कमी आणि उपाशी वैद्य बघायला जास्त.

आईचं कुणी नाव घेतलं नाही. नवऱ्याआधी जेवायचं नाही ही तिची रीत, आणि नवरा जेवतच नव्हता. ती कढण पिऊन राहिली. एका दुपारी ती चुलीपुढे घेरी येऊन बसली तेव्हा दादा हबकले. तिने तिथल्या तिथे अट घातली, "ठाण्याच्या डॉक्टरला दाखवा, तर मी जेवेन." जन्मभरात तिने त्यांना घातलेली ही एवढीच अट.

आम्ही आगगाडीने ठाण्याला गेलो. डॉक्टर आपल्याकडचाच, तरुण, बोलायला फटकळ. त्याने गाठ चाचपली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, दंड मुठीत धरून पाहिला. मग मला विचारलं, "खातात काय?" मी अभिमानाने सगळं सांगितलं. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"अहो, हा ताप पोटातल्या अन्नाचा नाही, गाठीचा आहे. ती आतून पेटलीय आणि त्यांच्या अंगावरचं मांस जाळतेय. गाठीला माझ्याकडे उपाय नाही, खोटं कशाला बोलू? पण ती त्यांना आतून खातेय आणि तुम्ही बाहेरून. खायला घाला त्यांना. दूध, तूप, भात. चालत असेल तर अंडं घाला, मासळीचा रस्सा घाला."

झालं! डॉक्टरला उडवून लावायला दादांना नेमकं हेच हवं होतं. "अंडं!" म्हणत ते उठले, आणि परतीच्या वाटेवर इतके खुशीत होते की मलाही बरं वाटलं. ओसरीवर त्यांनी अंड्याची हकीकत चार वेळा सांगितली. लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्याने हसलो. दुधाची, तुपाची आणि भाताची गोष्ट कुणी काढलीच नाही. आई जेवली, कारण दादांनी डॉक्टरला दाखवलं होतं आणि ती शब्दाची पक्की होती.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, सकाळची वेळ, ताप नव्हता. ओसरीवर दहा-बारा माणसं बसली होती. दादा आतून काठी टेकत आले, भिंतीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "अरे, तुझ्या आईला सांग, मऊ भात टाक म्हणावं. वर मेतकूट. तूप चांगलं सैल हाताने."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी गाढव, पाठांतरातला पटाईत, हात जोडून म्हणालो, "दादा, मागतो तो ताप."

"अरे, ताप नाहीये आत्ता. हात लावून बघ."

"लपून बसलेला असतो. तुम्हीच सांगितलंय."

"मी बोलतोय रे! मी! तुझा बाप!"

"ताप अगदी असंच म्हणतो, दादा. हेही तुम्हीच सांगितलंय."

"वा!" कुणीतरी पाठीमागून म्हणालं. "शिष्य असावा तर असा!" चाळीस वर्षं त्यांनी ज्या वाक्याने लोकांची तोंडं बंद केली, त्याला उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हतं. आई दारात ताट घेऊन उभी होती. तिने भात आधीच टाकला होता. मी उठलो, तिच्या हातातलं ताट घेतलं आणि परत आत नेऊन ठेवलं. तुपाचा वास मात्र ओसरीपर्यंत आला होता, आणि दादा दाराकडे बघत बसले होते.

आणखी दोन दिवस त्यांनी मागितलं, हळू आवाजात. मी दिलं नाही.

मग मी दादांची वैद्यकाची पोथी उघडली, ती खरं तर स्वतःची पाठ थोपटून घ्यायला. लंघनाची ओळ शोधून काढली. ती बरोबर होती. तिच्या खालची ओळ मात्र मी कधी ऐकलीच नव्हती. तिथे अपवाद लिहिलेले होते: क्षयाने झिजलेल्याला तापात उपाशी ठेवू नये, थकव्याच्या, शोकाच्या तापात ठेवू नये. वरच्या ओळीवर बोट फिरून फिरून डाग पडला होता, खालची कोरी करकरीत होती. मी धावत स्वयंपाकघरात गेलो आणि आईला म्हटलं, "भात टाक. आत्ता टाक." तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी अजून विसरलेलो नाही.

ताट घेऊन दादांपाशी बसलो. दादा म्हणाले, "नको. भूक नाही."

ओसरीवर ते ऐकू गेलं आणि एकच आनंदीआनंद! "मागत नाहीत! ताप उतरला!" कुणीतरी खडीसाखर वाटलीसुद्धा. आणि खरंच, त्या संध्याकाळी कणकण आली नाही. अंग गार होतं.

मी त्यांना खालची ओळ वाचून दाखवली. मला रडू आवरेना. त्यांचं पोट हललं. हसत होते.

"मलाही ठाऊक होती रे कधीकाळी. पण वरची ओळ सांगितली की लोक गप्प बसायचे. खालची सांगितली की प्रश्न विचारायचे."

"मला माफ करा, दादा."

"भरव एक घास."

मी भरवला. त्यांनी तो बराच वेळ तोंडात घोळवला. "मीठ कमी आहे," म्हणाले. दुसरा घास घेतला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

गावाने काय कौतुक केलं म्हणता! वैद्यबुवांनी प्राण दिला, पण पथ्य मोडलं नाही. मुलानेही मोडू दिलं नाही. तेरावा झाल्यावर मी ओसरीवर बसलो तर माणसं मावेनात. सगळ्यांना लंघनच हवं होतं.

पहिलीच बाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातली होती. टोपली बाहेर ठेवून, पायरीखाली उभी राहून म्हणाली, "आमचा म्हातारा सुकून काटकी झालाय. सांजेला ताप येतो, नि सारखा भात मागतो. मी नाय दिला. तुमच्या बापाशीनं सांगलं व्हतं ना, मागतो तो ताप."

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि माझ्याकडे पाहिलं. आतल्या दाराशी आई उभी होती.

"नाही बाई," मी म्हटलं. "तुमचा म्हाताराच मागतोय. धावत जा घरी."