भागी राजकन्या होणार नाही

थांबा, हे मला आत्ताच सांगायचंय. उद्यावर टाकलं की मी शहाण्यासारखा विचार करत बसणार आणि अर्धं गिळून टाकणार. टायपिंगच्या चुका असतील. असू देत.

रविवार. अंबरनाथ ईस्ट, सरांचा हॉल, तिसरा मजला. सर धरून आम्ही सहाजण बसलेलो. सर माझी गोष्ट मोठ्याने वाचत होते. मध्येच थांबले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "छान आहे गं. पण मला एक सांग, या भांडीवालीला शक्ती आली कुठून?"

मी म्हटलं, "भांडी घासून, सर."

सगळे हसले. खो खो नाही, सभ्य हसतात ना तसं. मी पण हसले. मला त्याचीच जास्त लाज वाटतेय.

"नाही गं बाळा, असं नसतं," सर म्हणाले. "वाचकाला कारण लागतं. असं कर, शेवटी कळू दे की ती खरं तर हरवलेली राजकन्या आहे. दंडावर खूणबिण दाखव. म्हणजे ते रक्तातच आहे ना. नाहीतर मोलकरणीच्या अंगात कुठून येणार हे सगळं?"

माझी आई काय करते हे सरांना माहीत होतं. पहिल्याच रविवारी विचारलं होतं त्यांनी. आधी आडनाव, मग गाव, मग वडील. वडील नाहीत म्हटल्यावर आई. मी सांगितलं, धुणंभांडी करते, बदलापूरला, चार घरं. सर म्हणाले होते, वा, म्हणजे तुझ्याकडे अनुभव आहे. मी खूश.

थांबा, फास्ट जातेय मी. मागे येते.

मी बदलापूरला मांजर्लीत राहते. तळमजला. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेष आहे, तिच्या वर माझी पुस्तकं. काम उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, एका छपाईच्या दुकानात. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे बॅनर, मराठी-हिंदी टायपिंग. माझी बोटं तुफान चालतात. सेठ गिऱ्हाईकाला सांगतो, साईं, पाच मिनट बैठो, लडकी मशीन है. एकदा सर हातानं लिहिलेला गठ्ठा घेऊन आले. माझं टायपिंग बघत उभे राहिले. विचारलं, वाचतेस का काही? मी म्हटलं, लिहिते पण. ते म्हणाले, मग ये की रविवारी.

ऐतिहासिक फँटसीचा ग्रुप. गड, भुयारं, मंतरलेल्या तलवारी, उडणारे घोडे. मला वेड आहे हो याचं, खरंच वेड. सहाजणांच्या गोष्टींचं पुस्तक काढायचं ठरलं आणि सगळ्यांचं टायपिंग माझ्याकडे आलं. कोणी म्हणालं नाही की तू कर. कोणी विचारलंही नाही. गठ्ठे माझ्या पिशवीत यायला लागले, एवढंच. मला वाटायचं, पुस्तकात माझी गोष्ट येणारे, एवढं काय त्यात. आयुष्यात पहिल्यांदा माझं नाव छापून येणार होतं. रोज दुसऱ्यांची नावं सोनेरी अक्षरात छापते मी. एकदा आपलं.

माझी गोष्ट म्हणजे भागीची. भागी राणीवशात खरकटी भांडी घासते, आणि भांडी तिला सांगतात. कोणी जेवलं नाही, कोणी कोणाच्या ताटात जेवलं, कोणाला विषाची भीती म्हणून घास नुसता चिवडलाय. अख्खा गड तिला ताटांवरून कळतो. शेवटी वेढा पडतो तेव्हा फितूर कोण हे दरबारात कोणालाच माहीत नसतं, फक्त तिला असतं.

हे मी शोधलेलं नाही. आईचं आहे. आई घरी येते, पाय धुते आणि सांगते, आज चारशे दोनवाल्यांच्यात भांडण झालंय, दोघांची ताटं वेगवेगळ्या वेळेला पडलीत, एक वाळलंय. किंवा, ती आजी काय फार दिवस काढत नाही, भात तसाच असतो. तिचं चुकत नाही. मी लहानपणापासून ऐकतेय. मला ती जादूच वाटायची.

आणि बाकीच्यांच्या गोष्टी मी टाइप केलेल्या ना, सगळ्या. त्यांच्यात कसं असायचं सांगू? एक दासी तबक घेऊन आली. एका दासीने पडदा सारला. क्षणात महाल हजार दिव्यांनी उजळला. मी टाइप करताना थांबायचे. हजार दिवे, तेल कोणी घातलं? वाती कोणी वळल्या, किती दिवस आधी बसली असेल ती? एका गोष्टीत दासी राजकन्येच्या अंगावर पडते, बाण स्वतःच्या पाठीत घेते, मरते. पुढच्या ओळीत राजकन्या घोड्यावर बसते. दासी तिथेच पडलेली. कोणी उचललंच नाही तिला. ती गोष्ट लिहिणारी इंजिनिअर ताई माझ्या शेजारीच बसायची. मी तिला एकदा हळूच म्हटलं होतं, तिचं नाव काय होतं ताई? ती म्हणाली, "अगं ती फक्त सीनसाठी आहे."

तर त्या रविवारी. सर म्हणाले, चहा होऊ दे, मग ठरवू. काकू ट्रे घेऊन आल्या. काकू म्हणजे सरांच्या मिसेस, बोलायला फार गोड. पाच कपबशा आणि एक स्टीलचा ग्लास. ग्लास माझा. दर रविवारी माझाच. मला काय वाटायचं माहितीये? ग्लासात चहा जास्त मावतो, मी लांबून येते, म्हणून लाड करतात.

चहा संपला. बाकीच्यांनी कप टीपॉयवर ठेवले. मी उठले, किचनमध्ये गेले, ग्लास विसळला आणि खिडकीत ग्रीलजवळ उपडा घातला. दर रविवारी तेच करते. कोणी सांगितलं नव्हतं मला. कधीच नाही. आईबरोबर लहानपणी कामाला जायचे तेव्हा हात तेच शिकले. आपण प्यायलेलं आपण धुवायचं, त्यांच्या स्टँडवर नाही लावायचं, खिडकीत ठेवायचं.

उपडा घातला आणि बुडाला लाल ठिपका दिसला. नेलपॉलिशचा.

आधी पण दिसला असेलच. बघितला नव्हता.

ज्यांच्या घरातलं कोणी धुणंभांडी करतं त्यांना हा ठिपका समजवायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. बाईचा ग्लास घरातल्या ग्लासांत मिसळू नये म्हणून खूण करतात. आईच्या चार घरांपैकी तीन घरांत आहे. दोन लाल, एक गुलाबी.

म्हणजे सकाळी जी बाई येते तिचा ग्लास. आणि रविवारी संध्याकाळी माझा. एकच ग्लास.

मी तिथे उभी होते आणि मला भागी कळली. मीच लिहिलेली, पण तेव्हा कळली. भांडं सांगतं म्हणजे काय ते. तीन महिने गोड बोलत होते सगळे, आणि भांडं पहिल्या दिवसापासून खरं सांगत होतं.

आणि अजून एक. ती सकाळची बाई. तिला मी जिन्यात दोनदा बघितलेली. नाव विचारलं नव्हतं. दासीला नाव नाही म्हणून मनातल्या मनात भांडणारी मी.

हॉलमध्ये परत आले. सर म्हणाले, तर मग रात्रीपर्यंत शेवट बदल आणि अख्खी फाइल मला पाठव, उद्या प्रेसला जायचीय.

मी म्हटलं, "भागी भांडीच घासते, सर. शेवटपर्यंत. तिच्या दंडावर काही नाहीये."

"अगं, मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"ती राजकन्या झाली तर तिला भांड्यातलं कळणारच नाही. तिच्यासमोर ताट येईल, परत गेलेलं ताट तिला कधी दिसेल?"

सर हसले नाहीत आता. म्हणाले, "हे बघ, पुस्तकात यायचं तर थोडं ऐकावं लागतं. नाहीतर जागा नाही. तू ठरव."

इंजिनिअर ताई मोबाइलमध्ये बघायला लागली. काकू दारात होत्या. मला वाटलं मी रडणार. नाही रडले. म्हटलं, "मग नका घेऊ." चपला घातल्या.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं, ठिपक्यासकट. मला वाटलेलं ती मला जवळ घेईल. ती चिडली.

"मी ग्लास खिडकीत ठेवते ते मला कळत नाही म्हणून ठेवते काय गं? चार घरं टिकवायची म्हणून ठेवते. तू कशाला ठेवलास? तुला कोणी सांगितलेलं?"

ती विळी घेऊन बसली.

मग थोड्या वेळाने, कांदा चिरता चिरता, "आणि त्या भागीला राणीबिणी नको करू. राण्यांना काय डोंबल कळतंय."

फाइल माझ्याकडेच होती. पाच गोष्टी आणि माझी. मनात आलं, सगळं डिलीट मारू. नाहीतर सगळ्या दासींना नावं घालून टाकू आणि तशीच प्रेसला जाऊ दे. नाही केलं. त्यांचं त्यांनी लिहावं, त्यांच्या नावावर राहावं. माझी गोष्ट काढून घेतली. मग आभाराचं पान उघडलं. सरांनी सांगितलेलं, मीच टाइप केलेलं. सगळ्यांची नावं, चित्रकाराचं नाव, चहा देणाऱ्या काकूंचं नाव. शेवटी, टंकलेखनासाठी एका होतकरू मुलीचे आभार.

एक दासी तबक घेऊन आली.

टाइप करताना मला "होतकरू" वाचून आनंद झाला होता. ती ओळ पुसली आणि फाइल पाठवली.

मंगळवारी सकाळी दुकानात जायच्या आधी अंबरनाथला गेले, सरांच्या बिल्डिंगच्या गेटपाशी थांबले. ती सकाळची बाई आली. म्हटलं, मावशी, तुमचं नाव काय? तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "कशाला? काम हाय काय?"

"नाही, फक्त नाव."

तिने सांगितलं. इथे लिहीत नाही, तिचं ते कामाचं घर आहे. माझंही लिहीत नाही, आईची घरं आहेत. पण भागीची गोष्ट छापेन तेव्हा वर माझं अख्खं नाव असेल, आडनावासकट, आणि आईला विचारून आईचंही. ज्या पुस्तकात भागीला आधी राजकन्या व्हावं लागेल त्या पुस्तकात माझी गोष्ट जाणार नाही. माझ्या गडावर जो दिवा लावेल, पाणी ओढेल, मरेल, त्याला नाव असेल. आणि दुसऱ्याच्या घरात मी परत कधी खिडकीत ग्लास उपडा घालणार नाही. टीपॉयवर ठेवेन. सगळ्यांच्या कपांच्या मधोमध.

आता तुम्ही सांगा, खरं खरं. तुमच्या हातांनी कधी ठेवलाय का असा ग्लास, कोणीही न सांगता? आणि तुमच्या घरात आहे का एखादा, बुडाला ठिपका असलेला? आत्ता उठा आणि बघा.